पिल्ले ब्रूडरमधून परड्यात : कोल्हापूर परिसरात पहिल्यांदाच कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी मी चार आठवड्यांची पन्नास पिल्ले एप्रिलच्या अखेरीस, सकाळचे ऊन बरे पडले आहे एवढेच पाहून, परड्यात सोडली आणि बँकेच्या कामासाठी शहरात निघून गेलो. दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून आले, वारा सुटला आणि वळवाचा पाऊस कोसळला. मी घरी पोहोचेपर्यंत सगळी पिल्ले पत्र्याच्या एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली होती. वरची भिजून गारठली होती आणि खालची गुदमरून गेली होती. त्या एका तासात एकोणीस पिल्ले दगावली. वैशाखात वळीव येतो हे कोल्हापुरात कोणाला सांगावे लागत नाही, पण पिल्ले बाहेर काढणे म्हणजे खुराड्याचे दार उघडणे, एवढीच माझी त्या कामाची कल्पना होती. प्रत्यक्षात ते जवळजवळ तीन आठवड्यांचे काम आहे आणि त्याची तयारी पिल्ले घरी येण्याच्या आधीपासून करावी लागते. पंचवीस ते शंभर पिल्ले घरच्या परड्यात वाढवू इच्छिणाऱ्यांसाठी ते काम मी येथे क्रमाने मांडत आहे.

१. महिना ठरवा, तोही उलट्या क्रमाने

पिल्ले साधारण सहाव्या आठवड्यात बाहेर पडतात. त्यामुळे ती कधी आणायची याचा विचार न करता ती कधी बाहेर पडतील याचा विचार आधी करावा आणि तेथून सहा आठवडे मागे मोजावे. संक्रांतीनंतर आणलेली पिल्ले मार्चच्या आरंभी बाहेर पडतात. त्या वेळी जमीन कोरडी असते, रात्रीचा गारठा ओसरलेला असतो आणि वळवाला अजून अवकाश असतो. मृगाचा पाऊस सुरू होईपर्यंत हीच पिल्ले साडेचार महिन्यांची, पूर्ण पिसांची झालेली असतात. माझ्या मते आपल्याकडे याहून चांगला काळ नाही. दसऱ्याच्या सुमारास आणलेली पिल्लेही वाढतात, परंतु ती ऐन थंडीच्या तोंडावर बाहेर पडत असल्याने रात्रीच्या उबेची सोय आठवडाभर अधिक ठेवावी लागते.

मे ते ऑगस्टमध्ये नवख्या माणसाने पिल्ले आणू नयेत. शिरोळ, हातकणंगले या पूर्वेकडील तालुक्यांत पाऊस तुलनेने कमी असल्याने एखाद्याला जुलैतही जमून जाईल. परंतु गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या बाजूला पावसाळ्यात जमिनीचा एक हातभर तुकडाही कोरडा राहत नाही आणि ओल्या जमिनीवर लहान पिल्लांचे काय होते ते पुढे येईलच. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांनी खुराड्याची जागा निवडताना २०१९ आणि २०२१ च्या महापुराची पाण्याची खूण आठवावी.

मार्चची एकच अडचण आहे. त्या सुमारास आजूबाजूच्या उसाची तोड चाललेली असते किंवा नुकतीच संपलेली असते आणि उसात दडलेली मुंगसे, रानमांजरे व कोल्हे आसरा गेल्याने वस्तीकडे सरकतात. म्हणून कुंपणाचे काम पिल्ले ब्रूडरमध्ये, म्हणजे घरातल्या बल्बच्या उबेच्या कड्यात, असतानाच संपले पाहिजे.

२. पिल्ले कोठून आणि कोणती घ्यावीत

पशुसंवर्धन विभागाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांपैकी एक कोल्हापुरात आहे. तेथे किंवा खात्रीच्या खासगी हॅचरीत आगाऊ नोंदणी करावी लागते, कारण उबवणीची तुकडी ठरावीक दिवशीच निघते. नोंदणी करताना पिल्ले कोणत्या दिवशी निघणार, त्यांना पहिल्या दिवशी मॅरेक्सची, म्हणजे पाय-पंख लुळे पाडणाऱ्या रोगाची, लस दिली जाते काय आणि नर-मादी वेगळे करून मिळतात की मिश्र, हे तीन प्रश्न विचारून घ्यावेत. पावतीवर जात, संख्या आणि तारीख लिहून घ्यावी, कारण लसीकरणाचा सगळा हिशेब त्या तारखेवर चालतो.

जातीच्या बाबतीत फार चिकित्सा करण्याचे कारण नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत तयार झालेली वनराज आणि बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराज या दोन्ही जाती परसातल्या पालनासाठीच काढलेल्या आहेत, लवकर वाढतात आणि अंडीही बऱ्यापैकी देतात. मात्र त्या अंगाने जड असतात. गावठी कोंबडी कुत्रे दिसताच उडून भिंतीवर बसते, तसे त्यांना साधत नाही.

बाजारात किंवा दारावर टोपलीतून विकायला येणारी गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्ले घेऊ नयेत. ती बहुधा अंड्यांच्या जातीतील नको असलेले नर असतात. त्यांना लस दिलेली असण्याचा संभव कमी आणि ती किती दिवसांची आहेत हेही विकणाऱ्याला ठाऊक नसते.

(घरी खुडुक गावठी कोंबडी असेल आणि तिच्याखाली अंडी ठेवली असतील तर या लेखातील निम्मा भाग तुम्हाला लागणार नाही. ऊब देणे, चरायला शिकवणे आणि घार दिसताच पंखाखाली घेणे ही सारी कामे ती आपल्यापेक्षा चांगली करते. फक्त लसी आणि कुंपण तेवढे तुमच्याकडे राहते.)

३. पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशी हाताशी काय असावे

पन्नास पिल्लांसाठी लागणारे साहित्य असे :

• चिक गार्ड, म्हणजे दीड फूट उंचीच्या पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे चार फूट व्यासाचे गोल कडे.
• तारेचे साठ वॅटचे दोन बल्ब, त्यांच्यावर पत्र्याची टोपी आणि उंची कमी-जास्त करता येईल अशी दोरी.
• भाताचे कोरडे तूस, दोन इंच जाडीचा थर होईल इतके, आणि पहिल्या तीन दिवसांसाठी वर्तमानपत्राचे कागद.
• उथळ खाद्यपात्रे दोन, पाण्याची भांडी दोन आणि त्यांत टाकायला धुतलेले गोटे.
• भिंतीवरचा साधा तापमापक.
• चिक स्टार्टर खाद्य. सहा आठवड्यांत एका पिलाला जातीनुसार एक ते पावणेदोन किलो लागते. परंतु सगळे एकदम घेऊ नये, दमट हवेत पोत्यातच बुरशी धरते.
• हॅचरीची पावती आणि एक वही. वहीत लसीची तारीख, मेलेल्या पिल्लांची संख्या आणि खाद्याचा खर्च लिहावा. पशुवैद्यकीय दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर प्रथम पिल्लांचे वय आणि झालेल्या लसी विचारतात.

यातील दोन गोष्टींवर नवखे लोक हमखास फसतात. पहिली बल्बची : एलईडी बल्ब उजेड देतो, पण ऊब देत नाही. दुकानदार साठ वॅट सांगून एलईडीच हातात ठेवतो आणि रात्री पिल्ले उजेडात गारठतात. तारेचा पिवळा बल्बच मागून घ्यावा. दुसरी अंथरुणाची : आपल्या भागात गुऱ्हाळ किंवा कारखान्याजवळ उसाचे चिपाड आणि शेतात पाचट फुकट मिळते, म्हणून ते खाली पसरण्याचा मोह होतो. ते जरा ओलसर झाले की बुरशी धरते आणि ती बुरशी श्वासावाटे पिल्लांच्या फुप्फुसात जाते. आजरा, भुदरगड किंवा राधानगरीकडील भाताच्या गिरणीतून चार पोती तूस आणणे केव्हाही स्वस्त पडते.

४. पहिले दहा दिवस

बल्ब पिल्ले येण्याच्या निदान तीन-चार तास आधी लावून ठेवावा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास हवे. तापमापकापेक्षा पिल्लांकडे पाहिलेले अधिक खरे ठरते. ती बल्बखाली दाटीवाटीने उभी राहून एकसारखी चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. कड्याला चिकटून चोच उघडी ठेवत असतील तर उकडते आहे. सगळी एकाच बाजूला सरली असतील तर दुसरीकडून वाऱ्याची झोत येत आहे. सगळीकडे विखरून खात-पीत, मधूनच पसरून झोपत असतील तर ठीक चालले आहे असे समजावे.

पिल्ले आल्यावर प्रथम पाणी दाखवावे. दोन-चार पिल्लांची चोच हलकेच पाण्याला लावली की बाकीची त्यांचे पाहून पितात. प्रवासाचा शीण जावा म्हणून पहिल्या पाण्यात गूळ विरघळवतात ते योग्यच आहे, पण चार-पाच तासांनंतर ते बदलून साधे पाणी ठेवावे. दिवसभर गुळाचे पाणी राहिले तर पिल्ले हगवणतात आणि भांड्याभोवती मुंग्या लागतात, ते वेगळेच. पाण्यानंतर दोन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरावा आणि दुसऱ्या दिवसापासून स्टार्टर सुरू करावे.

काही पिल्लांच्या गुदद्वाराशी विष्ठा वाळून चिकटते आणि मार्ग बंद होतो. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने ती भिजवून काढावी. ओढून काढू नये.

रात्री वीज जाणार हे गृहीतच धरावे. गरम पाणी भरलेले दोन प्लॅस्टिकचे कॅन गोणपाटात गुंडाळून कड्यात ठेवले तर दीड-दोन तास निभावते. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नये. तिच्या वायूने पिल्लेही मरतात आणि माणसेही.

५. लसी

राणीखेत, म्हणजे आपण ज्याला मानमोडी म्हणतो तो रोग, एका रात्रीत अख्खे खुराडे रिकामे करतो आणि त्यावर औषध नाही. म्हणून येथे कुचराई करू नये. परसातल्या कोंबड्यांसाठीचे सर्वसाधारण वेळापत्रक पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही राणीखेतची लस डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही राणीखेतचीच दुसरी लस असे असते. नेमके दिवस तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्यावेत.

लस बर्फातूनच आणावी, कारण ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. पाण्यातून द्यायची असल्यास नळाचे क्लोरीनयुक्त पाणी वापरू नये, त्याने लस निकामी होते. विहिरीचे पाणी घ्यावे आणि आधी दीड-दोन तास पिल्लांना तहानलेले ठेवावे. कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते आणि कालवल्यानंतर ती एक-दोन तासांतच संपवावी लागते, म्हणून गल्लीतल्या दोन-तीन कोंबडीपालकांनी एकाच दिवशी लसीकरण ठेवले तर पैसे वाचतात. चौथ्या आठवड्यातील लासोटा दिल्यानंतर किमान एक आठवडा जाईपर्यंत पिल्ले बाहेर काढू नयेत.

६. ऊब कमी करत नेणे

दर आठवड्याला तापमान साधारण तीन अंशांनी कमी करावे. त्यासाठी बल्ब थोडा वर ओढावा. कडेही हळूहळू मोठे करत जावे, म्हणजे चौथ्या आठवड्यापर्यंत पिलामागे अर्धा चौरस फूट आणि पुढे एक चौरस फूट जागा मिळेल. चौथ्या आठवड्यानंतर दिवसा बल्ब बंद ठेवावा आणि पाचव्या आठवड्यात रात्रीही बंद करून पाहावा. पिल्ले विनाबल्ब सलग पाच-सहा रात्री शांत झोपली तर ती बाहेरच्या हवेला तयार होत आहेत.

वय पुरे झाले म्हणून पिल्लू तयार झाले असे होत नाही. हातात घेऊन पंख उचलावा आणि पंखाखाली, छातीवर व मानेवर पाहावे. तेथे पिवळी लव शिल्लक असेल तर ते पिल्लू पावसाचे चार थेंबही सोसणार नाही. माझ्या त्या एकोणीस पिल्लांची पाठ पिसांनी भरलेली होती; छाती मी पाहिलीच नव्हती.

७. परडे आणि खुराडे

खुराडे जमिनीपासून फूट-दीड फूट उंच, पावसाची झड ज्या बाजूने येते तिकडून बंद आणि समोरून जाळीचे असावे. मोठ्या कोंबड्यांसाठी रात्रीची जागा प्रत्येकी दोन चौरस फूट धरून आतापासूनच बांधावी. आतले चारही कोपरे विटा किंवा पुठ्ठा लावून गोलसर करावेत. घाबरलेली पिल्ले कोपऱ्यात घुसतात आणि मागची पुढच्यांवर चढतात. कोपराच नसेल तर हा गठ्ठा होत नाही.

कुंपणाला बहुतेक जण साखळी जाळी मारतात, कारण ती कुत्र्याला अडवते. मुंगूस मात्र तिच्यातून सहज आत येते. जमिनीपासून दोन फुटांपर्यंत अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावावी आणि तिचा खालचा फूटभर भाग मातीत गाडावा किंवा बाहेरच्या बाजूला आडवा पसरून त्यावर फरशीचे तुकडे ठेवावेत. मुंगूस दिवसा हिंडणारे जनावर आहे, त्यामुळे रात्री कडी लावली म्हणून त्याचा धोका टळत नाही. रात्रीचे शत्रू वेगळे : मांजर, घूस आणि उंदरांच्या मागाने येणारे साप. वरून घार आणि कावळा येतो, म्हणून पहिल्या महिन्यात पिल्ले फिरतात तेवढ्या जागेवर तरी जाळे किंवा शेडनेट ताणलेले असावे.

परड्यातील उंदरांचे औषध, रिकामे झालेले फवारणीचे डबे आणि पेरणीसाठी औषध चोळून ठेवलेले बियाणे यांचा आधी शोध घ्यावा. शेजारच्या शेतकऱ्याला सांगून ठेवावे की तणनाशक किंवा कीटकनाशक मारण्यापूर्वी हाक द्या. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस कोंबड्या कोंडून ठेवता येतात.

८. बाहेर काढण्याचे दिवस

पहिला बदल संध्याकाळी करावा. दिवेलागणीच्या सुमारास पिल्ले ब्रूडरमधून उचलून नव्या खुराड्यात ठेवावीत आणि ब्रूडरमधले चार ओंजळी जुने तूस तेथे पसरावे. अंधारात पिल्लांना दिसत नसल्याने ती फारशी धावपळ करत नाहीत आणि सकाळी उजाडते तेव्हा ती नव्या जागी असतात. पुढचे तीन दिवस दार उघडू नये. खाद्य, पाणी, झोप सारे तेथेच झाले की त्यांना घर लागते. हे तीन दिवस वाचवले तर पुढे महिनाभर रोज संध्याकाळी आंब्याच्या फांदीवरून आणि शेजाऱ्याच्या गोठ्यातून पिल्ले गोळा करत फिरावे लागते.

चौथ्या दिवशी, दव वाळल्यावर दहा-अकराच्या सुमारास, खुराड्याला जोडलेल्या सहा बाय आठ फुटांच्या जाळीबंद जागेत दार उघडावे आणि आपण बाजूला बसावे. पिल्लांना हाताने बाहेर काढू नये. पहिल्या दिवशी काही पिल्ले उंबऱ्यावरच उभी राहतात, राहू द्यावीत. खाद्य आतच ठेवावे, म्हणजे भूक लागली की ती आपण होऊन परततात. पिल्लांना आत बोलावताना रोज डब्यावर तीच टकटक करावी. आठवडाभरात तो आवाज ऐकताच पिल्ले धावत येतात आणि आभाळ भरून आले की या सवयीचा किती उपयोग होतो ते पहिल्या वळवालाच कळते.

पहिला दिवस एक तास, पुढचे तीन दिवस दोन-तीन तास आणि त्यानंतर आठवडाभर सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पण जाळीबंद जागेतच. त्यानंतर मोकळ्या परड्यात सोडताना सुरुवात सूर्यास्तापूर्वीच्या शेवटच्या तासाने करावी. उजेड कमी होत असल्याने पिल्ले लांब जात नाहीत आणि स्वतःच खुराड्याकडे वळतात. सकाळी सोडलेली पिल्ले दुपारपर्यंत कोठे पोहोचतील याचा नेम नसतो.

बाहेर आल्यावरही स्टार्टर खाद्य चालूच ठेवावे. पिल्ले आता किडे आणि गवत खातात म्हणून खाद्य तोडण्याची घाई केली तर वाढ तेथेच खुंटते. गवत पचायला मात्र पोटात खडे लागतात; एका थाळीत जाडी वाळू ठेवली की पुरे. एका बाजूला माती व चुलीची राख मिसळून ठेवावी, त्यात लोळून ती अंगावरचे किडे स्वतःच झाडतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात सावलीत दोन ठिकाणी पाणी हवेच.

या पहिल्या पंधरवड्यात तीन गोष्टी टाळाव्यात. घरात कोणी नसताना पिल्ले मोकळी सोडू नयेत. शेजारी लग्न असेल आणि फटाके वाजणार असतील तर त्या दिवशी दार उघडू नये. आणि ब्रूडरचा बल्ब उचलून माळ्यावर टाकू नये : एखादे पिल्लू भिजलेच तर त्याला फडक्याने टिपून कोरडे करावे आणि रात्रभर त्या बल्बखाली ठेवावे.

९. बाहेर पडल्यानंतर कशावर लक्ष ठेवावे

ओल्या जमिनीची जी भीती वर सांगितली ती रक्ती हगवणीची, म्हणजे कॉक्सिडिओसिसची. तिचे जंतू विष्ठेतून बाहेर पडतात आणि ऊब व ओल मिळाली की दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात. पिल्लू पिसे फुगवून, पंख पाडून कोपऱ्यात उभे राहिले आणि विष्ठेत रक्त दिसले तर वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून अँप्रोलियमसारखे औषध सर्वांच्या पाण्यात द्यावे. पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली माती रोज खरवडून तेथे कोरडी माती टाकणे, एवढ्या कामाने हा रोग बराच टळतो. जंतांचे पहिले औषध आठव्या आठवड्याच्या सुमारास डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे.

एकाएकी अनेक पक्षी मरू लागले तर मेलेले पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत, कोणाला देऊही नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर लगेच कळवावे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आढळला तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या.

घरी आधीपासून मोठ्या कोंबड्या असतील तर नवी पिल्ले त्यांच्यात लगेच मिसळू नयेत. मोठ्या कोंबड्या धडधाकट दिसत असल्या तरी त्यांच्या अंगात रोगजंतू असू शकतात, आणि लहानांना टोचून रक्तबंबाळ करणे हा तर त्यांचा रिवाजच आहे. पिल्ले दहा-बारा आठवड्यांची होऊन अंगाने मोठ्यांच्या जवळपास येईपर्यंत दोन्ही गट वेगळे ठेवावेत, मग आठ दिवस मध्ये जाळी ठेवून एकमेकांना दिसू द्यावेत. त्यानंतर एखाद्या रात्री नवी पोरे मोठ्यांच्या शेजारी दांडीवर नेऊन बसवावीत आणि सकाळी खाद्याची दोन भांडी, एकमेकांपासून चांगली दूर, मांडून ठेवावीत.